एक पिढी टाकून

वऱ्हाडात हौसेने प्रवास करायला म्हणून सहसा कोणी येत नाही. येतात ते बदली होऊन, मुलगी पाहायला, नाहीतर शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला. उन्हाळ्यात चार मंडळी चिखलदऱ्याला जातात, पण त्यांचे डोळे डोंगराकडे लागलेले असतात. खालची काळी सपाट जमीन ती झोपेतच ओलांडतात. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे आमचे वाडवडील छाती फुगवून सांगत. त्यातले सोने कापसाच्या भावाबरोबर केव्हाच खाली आले. कुऱ्हाड तेवढी शेतकऱ्याच्या खांद्यावर उरली, असे आमच्याकडचा कोणीही मिस्किल म्हातारा तुम्हांला सांगेल.

तरीही मी आज ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहे तो वऱ्हाडातलाच आहे आणि अगदीच छोटा आहे. अमरावतीहून बडनेरा, बडनेऱ्याहून अकोला. बडनेऱ्यापासून मोजले तर सुमारे ८० किलोमीटर. ना वाटेत घाट, ना बोगदा, ना समुद्र. गेली तीन वर्षे मी आणि माझी मुलगी बहुतेक दर शनिवारी हा प्रवास करीत आलो. तिची शाळा दुपारी सुटे, माझा व्याकरणाचा तास साडेबाराला संपे. राजकमल चौकातून गिला वडा बांधून घ्यायचा, बडनेरा गाठायचे आणि मिळेल त्या गाडीत चढायचे. कन्या आता अकरा वर्षांची आहे. तिच्या दृष्टीने या प्रवासाचा हेतू एकच : आबाजी.

आबाजी म्हणजे माझे वडील. वय ७८. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अलीकडे, आमच्या दोन खणी घरात एकटे राहत होते. सोबतीला एक पेटी. पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे, हार्मोनियम. आमच्या घरात ‘पेटी’ या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. कपड्यांच्या पेटीला आम्ही ‘ट्रंक’ म्हणत असू.

या पेटीचे आणि माझे काही बरे नाही. ते कसे, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढच्या गोष्टीला अर्थ राहणार नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना बाबा बँकेतून आले की हातपाय धुऊन पेटीपुढे बसत आणि मला समोर बसवीत. सा धर. आता रे. मान सरळ. हात मांडीवर. बाबा फार तळमळीने शिकवीत, आणि तळमळीने शिकवणाऱ्या माणसासमोर बसणे किती जड जाते हे ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल. बाहेर गल्लीत मुलांचा क्रिकेटचा डाव रंगात आलेला असे. समोरच्या भिंतीवर टोल्यांचे घड्याळ होते. माझा सा पेटीच्या सुरात असे, पण डोळे घड्याळाच्या काट्यावर. असे दोन वर्षे चालले. एके दिवशी पलटे म्हणता म्हणता मी घड्याळाकडे पाहिले आणि तेव्हाच बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी भाता मिटला, खटका लावला, झाकण घातले आणि शांतपणे म्हणाले, “जा, खेळायला जा.”

मी धावत गेलो. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला, हे लिहिताना आज लाज वाटते. त्यानंतर बाबांनी मला पेटीपुढे कधीही बोलावले नाही. रागावले नाहीत, टोचून बोलले नाहीत. फक्त बोलावले नाही. पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, प्राध्यापक झालो; वृत्ते शिकवतो, गणमात्रा फळ्यावर मांडतो. पण तो एक सा माझ्या आयुष्यात तिथेच अडकून राहिला.

बाबांना तरी हे वेड कुठून लागले? त्यांच्या वडिलांकडून नव्हे. आमचे आजोबा महसूल खात्यात होते, आणि गाणेबजावणे म्हणजे घर बुडवण्याचे लक्षण, असे त्यांचे ठाम मत होते. बाबांना ते मिळाले त्यांच्या आजीकडून. ही म्हातारी निरक्षर, पण भजनवेडी. नातवाला कडेवर घेऊन ती बैलगाडीने तुकडोजी महाराजांच्या भजनाला जाई. तुकडोजी महाराज आमच्याच मातीतले. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले आणि १९६८ मध्ये गुरुकुंज मोझरीला त्यांनी देह ठेवला. त्यांची खंजिरी १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेतही वाजली. बाबा सांगतात, “हजारो माणसं शेतात बसलेली, अंधार, एक पेट्रोमॅक्स, अन् त्या एवढ्याशा खंजिरीचा ठेका छातीत वाजे. मी आजीच्या मांडीवर होतो. ती हातानं माझ्या पाठीवर ठेका धरे. माझा पहिला तबला म्हणजे माझीच पाठ!”

म्हणजे पाहा, आजीकडून नातवाला, मधला मुलगा कोरडा. आणि आता आजोबांकडून नातीला, मधला मुलगा कोरडा. आमच्या घराण्यात संगीत एक पिढी टाकून उतरते, असा सिद्धांत मी कित्येक दिवस मित्रमंडळीत विनोदाने सांगत असे. विनोदाखाली माणूस पुष्कळ काही झाकून ठेवतो.

नातीची सुरुवात अशी झाली. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही अकोल्याला होतो. फराळ झाला, फटाके संपले, मोबाइल तिच्या आईने काढून घेतला. कंटाळलेल्या पोरीने पेटीची एक पट्टी दाबली. भाता न हलवल्यामुळे आवाज येईना. ती म्हणाली, “आबाजी, ही बंद पडली.” मला वाटले, आता बाबा तिला समोर बसवतील : मान सरळ, हात मांडीवर. पण बाबांनी फक्त भाता हलवला आणि ते म्हणाले, “आता दाब. अन् हा आवाज या घरात आणखी कुठं आहे, ते शोधून काढ.”

पोरगी घरभर हिंडली. पितळी तांब्या वाजवून पाहिला, खिडकीचे गज वाजवले, कुकरच्या शिट्टीपाशी जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासाने धावत आली. देवघरातली घंटा! बाबांनी पेटी वाजवून पाहिली. सूर थोडा चढा होता. “जवळ आलीस,” ते म्हणाले, “पण घंटा जरा वर आहे. ऐक.” आणि दोघे मिळून घंटा आणि पेटी आळीपाळीने वाजवत बसले. दिवाळीचा तो सगळा दिवस त्यात गेला. मी पेपर वाचत होतो, असे मला वाटत होते.

त्या दिवसापासून आमच्या शनिवारच्या प्रवासाला एक नवाच रंग चढला. इंजिनाचा भोंगा झाला की कन्या गुणगुणून तो धरून ठेवी आणि अकोल्याला उतरेपर्यंत सोडत नसे. घरात शिरताच चपला काढायच्या आधी पेटीवर तो शोधायचा. “आबाजी, आजची गाडी काळी दोनमध्ये आली!” आणि आबाजी गंभीरपणे म्हणत, “मागच्या शनिवारी पांढरी तीनमध्ये होती. रेल्वेचं काही खरं नाही.”

आता वाटेविषयी थोडे सांगतो. बडनेरा सुटले की कुरुम, माना अशी स्टेशने येतात. दोन्ही बाजूंना काळी रेगूर माती. पावसाळ्यात ती बुटाला अशी चिकटते की माणूस चार पावलांत बोटभर उंच होतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दसऱ्याच्या सुमारास तीच सगळ्यांत सुंदर. सोयाबीन कापून झालेले, तुरीला पिवळा फुलोरा आणि कपाशीची बोंडे नुकती उमलू लागलेली. आणि मग मुर्तिजापूर.

मुर्तिजापूरला आमची गाडी थोडी थांबते. परक्या प्रवाशाला ते एक साधे जंक्शन वाटेल. कापसासाठी गोऱ्या कंपनीने घातलेली यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ इथूनच दोन्हीकडे फुटते. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. आता ती बंद आहे आणि तिच्या रुळांवर गवत माजले आहे. पण आमच्या घरात मुर्तिजापूर हे नाव शकुंतलेमुळे घेतले जात नाही. २ मे १९२० रोजी इथे वसंतराव देशपांडे जन्मले.

पुण्या-मुंबईची मंडळी वसंतरावांना पुण्याचे समजतात. नागपूरची त्यांना नागपूरचे म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही. आईने त्यांना नागपुरात वाढवले, शंकरराव सप्रे यांच्यापाशी ते तिथेच शिकले. १९३५ मध्ये ‘कालिया मर्दन’ या बोलपटात कृष्ण झाले तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे होते. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेतला. मास्टर दीनानाथांच्या गाण्याने तर त्यांना झपाटलेच होते. आणि इथे मला एक वऱ्हाडी धागा दिसतो. दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने १९२७ मध्ये गाजवलेले ‘रणदुंदुभि’ हे नाटक आमच्या अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे. अमरावतीच्या माणसाने लिहावे, दीनानाथांनी गावे आणि त्या गाण्याचे वेड मुर्तिजापूरला जन्मलेल्या मुलाने घ्यावे! १९३२ मध्ये त्याच अमरावतीत जन्मलेले सुरेश भट आपल्या गझला स्वतः गाऊन दाखवीत, हेही लक्षात घ्या. आमची जमीन कोरडी दिसते, पण तिच्यात ओल नाही असे कोणी समजू नये.

बाबांना वसंतरावांविषयी गाण्याच्या पलीकडचे एक प्रेम आहे. वसंतरावांनी आयुष्याची कितीतरी वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. “तोही कारकूनच होता,” बाबा म्हणतात, “दिवसा आकडे अन् रात्री सूर.” १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. पुढे त्याच्या एका प्रयोगासाठी बाबा नागपूरला गेले होते. हिशेबाच्या या माणसाचा त्या दिवशी हिशेब चुकला. परतीचे पैसे बडनेऱ्यापर्यंतच पुरले. रात्र फलाटावर काढली आणि सकाळी ओळखीच्या माणसाकडून उसने घेऊन अकोला गाठले. “झोप लागली का?” म्हणून आईने विचारले, तेव्हा म्हणाले, “लागू नये म्हणून जपलो.” ३० जुलै १९८३ ला वसंतराव गेले. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत, दिवा न लावता पेटीपाशी बसून होते, असे आई सांगे.

मी चार वर्षांचा होतो, आणि पुण्यात आणखी एक मूल जवळजवळ त्याच वयाचे होते. वसंतरावांचा नातू राहुल. तोही १९७९ चा. आजोबा गेले तेव्हा त्याला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या वयात आजोबा काय शिकवणार आणि नातू काय शिकणार? पण तो मोठा झाला तो आजोबांच्या ध्वनिमुद्रिकांच्या सहवासात. गुरू पुढे निराळे मिळाले, तालीम निराळी मिळाली. ओढ मात्र त्या सुरांनी आधीच लावून ठेवली असली पाहिजे. २०१० च्या सुमारास ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा आजोबांची खाँसाहेबांची भूमिका नातवाने केली. २०२२ मध्ये ‘मी वसंतराव’ हा चित्रपट आला. त्यात नातवाने आजोबांचेच सोंग घेतले, आजोबांचेच गाणे गायिले, आणि त्या गाण्याबद्दल त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तो चित्रपट आम्ही तिघांनी मिळून पाहिला. बाबा आणि नात पुढे सरसावून बसले होते. मी खुर्चीला टेकून एकच हिशेब करीत होतो. ज्याला आजोबा पुरी चार वर्षेही मिळाले नाहीत, त्याने इतके घेतले. मला घरात, चोवीस तास, अठरा वर्षे गाणे मिळाले होते. मी काय घेतले?

बाबांचे कान गेल्या वर्षापासून उतरू लागले. प्रथम दारावरची घंटा ऐकू येईना. मग फोनवर माझे बोलणे कळेना. ‘सात’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येई. अमरावतीला आणून डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आलेख काढला आणि समजावून सांगितले. वयाबरोबर कान जातात ते वरच्या टोकाकडून. ज्यांची कंपने फार जलद, ते आवाज आधी हरवतात. त्यामुळे स, श, फ, थ अशी अक्षरे निसटतात आणि माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ गळ्यातला मूळ सूर त्या मानाने खाली असतो. तो पुष्कळ काळ टिकतो. कानातल्या यंत्राने शब्दांची सोय झाली, पण पेटीपुढे बसले की ते यंत्र मधूनच शीळ घाली. बाबा गाण्याच्या वेळी ते काढून डबीत ठेवू लागले.

परिणाम असा झाला की बाबांना माझे बोलणे ऐकू येईना आणि नातीचे गाणे ऐकू येई. एकदा मी दारातून तीनदा हाक मारली : “बाबा, चहा.” उत्तर नाही. आत मुलगी भूप म्हणत होती. गंधारावर ती किंचित घसरली, आणि यंत्राशिवाय, डोळे मिटून बसलेले बाबा म्हणाले, “अंहं. खाली गेली माय.” मी चहाचा कप हातात घेऊन उभाच राहिलो.

पण डॉक्टरांनी हेही सांगितले होते की उतरण थांबणार नाही, सावकाश का होईना चालूच राहील. एकट्याने राहणे आता बरे नव्हे. मोर्णेकाठचे ते घर सोडायचे, बाबांनी अमरावतीला यायचे, हे सगळ्यांना कळत होते, आणि बोलत कोणी नव्हते. जुने शहर सोडणे सोपे नसते. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी येतात. ढोलांच्या आवाजाने त्या दिवशी सगळे गाव हलते. बाबा लहानपणापासून ओट्यावर बसून त्या कावडी पाहत आले. यंदाच्या श्रावणात ते असेच बसले होते. रात्री झोपताना म्हणाले, “यंदा ढोल चांगले ऐकू आले. आता चालतो मी तुझ्याकडं.”

कोजागिरीनंतरच्या शनिवारी आम्ही त्यांना आणायला गेलो. सामान आधीच टेम्पोने गेले होते. पेटी मात्र बाबांनी टेम्पोत जाऊ दिली नाही. “भात्याला धक्का बसतो,” म्हणाले. आमच्या हार्मोनियमला आकाशवाणीनेसुद्धा धक्के दिले आहेत. १९४० मध्ये तिला बंदी झाली आणि १९७१ मध्ये ती काही अटींवर उठली. “एकतीस वर्षं वाळीत टाकलं होतं हिले,” बाबांचे नेहमीचे वाक्य, “आता टेम्पोत कुठं टाकता?” तेव्हा पेटी सतरंजीत गुंडाळून मी उचलली. पन्नाशीकडे झुकलेल्या प्राध्यापकाने पेटी पोटाशी धरून अकोला स्टेशनचा जिना चढावा, हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिले नाही, हे माझे नशीब.

गाडी सुटली. बोरगाव गेले, काटेपूर्णा गेले. बाबा खिडकीतून बाहेर पाहत होते. मुर्तिजापूर जवळ आले तसे एकदम म्हणाले, “इथं उतरू. एक गाडी सोडू.”

“बाबा, सामान आहे, अंधार पडेल,” मी म्हणालो. त्यांना ऐकू आले नाही, किंवा त्यांनी ऐकले नाही. नात केव्हाच पिशवी घेऊन दारात उभी राहिली होती.

आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. वसंतरावांचे घर कोणत्या गल्लीत होते, हे शोधायला आम्ही गावात गेलो नाही. बाबांना ते नकोच होते. सूर्य कपाशीच्या रानामागे टेकला होता. फलाटावर चहावाला, दोन शाळकरी मुले, गाठोड्यावर डोके ठेवून निजलेली एक बाई आणि आम्ही. बाबांनी कानातले यंत्र काढून डबीत ठेवले. मी समजलो. सतरंजी सोडली आणि पेटी बाकावर त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी मारवा धरला. आवाज थकलेला, श्वास पुरत नव्हता. दोन सुरांत एक खोकला. पण मावळतीचा तो राग त्या मावळतीला असा काही लागला की चहावाल्याने किटली खाली ठेवली. बाबा पाच-सात मिनिटे गायले असतील. मी ऐकत होतो. म्हणजे बाबा गात आहेत, संध्याकाळ झाली आहे, पुढची गाडी कधी आहे, असे माझे नेहमीचे ऐकणे चालू होते. हात नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे गेला होता.

बाबा थांबले. नातीच्या कपाळाला आठी पडली होती.

“आबाजी,” ती अगदी हळू म्हणाली, आजोबांची चूक चारचौघांत दाखवायची नाही अशा बेताने, “तुम्ही एक सूर विसरून रायले. मधला. प आलाच नाही.”

बाबांनी कान पुढे केला. ती कानाशी जाऊन पुन्हा म्हणाली, आणि या वेळी शब्दाऐवजी तिने पंचमच गाऊन दाखवला : हा, हा सूर. बाबा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग इतके हसले की डोळ्यांतून पाणी आले. ते कशाचे, हे मी ठरवीत नाही.

“विसरलो नाही माय,” ते म्हणाले, “मारव्याले पंचम नसतोच. म्हणून तर तो असा हुरहूर लावतो. कोणाले सांगितलं नव्हतं मी. तुले कसं कळलं?”

“मी वाट पाहून रायली होती त्याची,” ती म्हणाली.

वाचकहो, मी लहानपणापासून मारवा ऐकत आलो आहे. आमच्या घराच्या भिंतींना तो पाठ असेल. पण त्यात एक सूर नाही, हे मला कोणी सांगितल्याशिवाय कधीही कळले नसते, कारण मी त्याची वाट कधी पाहिलीच नव्हती. अकरा वर्षांच्या मुलीने पाहिली.

मग मी विचारले. इतक्या वर्षांनी, बाबांच्या कानाशी तोंड नेऊन, फलाटावर, मोठ्याने, म्हणजे चहावाल्यालाही ऐकू जाईल असे विचारले, “बाबा, मला का नाही हे आलं?”

बाबांनी लगेच उत्तर दिले नाही. पेटीच्या पट्ट्यांवरून त्यांनी बोटे फिरवली. “तुले मी शिकवाले गेलो,” ते म्हणाले. “घाई होती मले. माझ्या बापानं मले शिकू दिलं नाही, ते सगळं तुझ्याकडून वसूल कराले निघालो. हिले मी काही शिकवलं नाही. हिच्या संगं नुसता ऐकत बसलो. माझ्या आजीनं तेच केलं होतं. पाठीवर हात ठेवून ऐकत होती ती.” थोडे थांबून म्हणाले, “चूक तुझी नव्हती गा. त्या दिवशी झाकण मी लावलं. परत उघडाले पाहिजे होतं. मले वाटलं, तू येशील. तुले वाटलं असेल, मी बोलावीन.”

खरेच, मला तसेच वाटत होते. एका झाकणाच्या दोन बाजूंना आम्ही दोघे छत्तीस वर्षे बसून होतो.

दूर भोंगा वाजला. कन्येने तो पकडला, पेटीवर पट्टी शोधली, दाबली. “पांढरी चार!” बाबांनी मान डोलावली, भोंगा त्यांना ऐकू आला होता की नाही, कोण जाणे, पण पट्टी ऐकू आली होती.

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा काळोख पडला होता. घरी आलो. माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी पेटीसाठी जागा केली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी दोघे पेटीपुढे बसले. मी दाराशी घुटमळलो. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला आपल्याच घरात, आपल्याच बापापुढे जाऊन बसायला इतका संकोच वाटावा, हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

बाबांनी वर पाहिले.

“काय गा, बसतं का?” ते म्हणाले. मी मान हलवली. “मग ये. पण घड्याळ काढून ठेव.”

मी मनगटावरचे घड्याळ काढले आणि व्याकरणाच्या पुस्तकावर ठेवले. मुलीने सरकून जागा केली आणि मोठ्या माणसासारखे मला बजावले, “बाबा, आधी गायचं नाही हं. आधी नुसतं ऐकायचं.”

ही दिवाळी आमच्याकडे पहिल्यांदाच अमरावतीला होते आहे. फराळाला अंबादेवीच्या गल्लीतले पाहुणे येतील, अकोल्याचे शेजारी येतील. पेटी निघेलच. मी अजून गात नाही. पण परवा कुकरची शिट्टी झाली आणि स्वयंपाकघरातून ओरडून मी म्हणालो, “काळी एक!” आतून दोघांनी एकदम पट्टी दाबून पाहिली. थोडा वेळ शांतता होती.

मग बाबांचा आवाज आला, “जवळ आलास.”